पाड्यावरची विहीर वापरात आहे

मिलिंद,

तू गेलास म्हणून मी तुझ्याशी गोड बोलणार नाही. ते काम शोकसभेत बाकीच्यांनी केलं. हॉल भरला होता, खुर्च्या कमी पडल्या, आणि जो उठला तो तुझ्या नाकाबद्दल बोलला. साहेब माती हातात घेऊन नुसता वास घेत आणि सांगत, यात डिझेल आहे, यात पेट्रोल आहे, ही साफ आहे. लॅबचा रिपोर्ट आठवड्याने यायचा आणि तेच म्हणायचा. एकाने तर सांगितलं की साहेबांच्या नाकापुढे मशीनसुद्धा हात टेकायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मला बोलायला बोलावलं तेव्हा मी "मिलिंद माझा पार्टनर होता" एवढं एक वाक्य बोलले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, शैलाताईंना हुंदका आला. हुंदका कसला? रागाने माझं तोंड उघडत नव्हतं.

तिथे जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे.

आपला धंदा काय, हे मला माझ्या नातेवाइकांना कधी धड सांगता आलं नाही. जमिनीखाली पेट्रोल-डिझेल गळलं असेल तर ते कुठवर पोचलंय हे आपण शोधायचो. बोअर घ्यायचा, खालची माती थोडी थोडी वर काढून तपासायची, मग त्याच भोकात पाइप उतरवायचा. पाइपाला खाचा पाडलेल्या असतात, त्यांतून भूजल आत येतं, ते उपसून लॅबला पाठवायचं. याला निरीक्षण-विहीर असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात मनगटाहून थोडा जाड पाइप आणि वर कुलूप घातलेलं झाकण. माझ्या आईने एकदा साइटवर येऊन ते बघितलं आणि म्हणाली, "भोकं पाडायला एवढं शिकलीस होय?" तू इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. पुढे कितीतरी वर्षं क्लायंटसमोर माझी ओळख "या आमच्या भोकंतज्ज्ञ" अशी करून द्यायचास आणि मी टेबलाखालून तुला लाथ मारायचे.

हे सगळं तू मला शिकवलंस, ते नाकबूल करणार नाही. ज्युनिअर कॉलेजात भूगोलाच्या वह्या तपासत बसले होते, तिथून तू मला उचललंस. "शैले, भूशास्त्र शिकलीस ते फळ्यावर डोंगर काढायला?" असं तोंडावर विचारलंस. बोअरच्या गाडीवर बाई नको म्हणणाऱ्या ठेकेदाराला तू सांगितलंस की मग आमचंही काम नको. माझ्या मापाचे गमबूट पनवेलच्या बाजारात मिळेनात, तेव्हा तू लहान मुलांचे लाल बूट घेऊन आलास आणि मीही हट्टाने तेच घालून चिखलात उतरले. साइटवर बाईमाणसाला जायला जागा नसते, म्हणून काम सुरू करायच्या आधी तू जवळच्या घरात जाऊन तिथल्या बाईला ताई-वहिनी करून ठेवायचास. मला कधी मागावं लागलं नाही. इतका विचार करणारा माणूस होतास तू. म्हणूनच तर तुला माफ करणं मला जमत नाहीये.

तुझा एक नियम होता. माती वर आली की आधी नाक, मग डोळे, मग वास मोजायचं मीटर. पुस्तकं सांगतात की असं हुंगू नये, अंगाला चांगलं नाही. तू म्हणायचास, पुस्तक लिहिणाऱ्याचं मीटर कधी दुरुस्तीला गेलेलं नसतं. आणि दुसरा नियम, जो तू पेणच्या एका कामावर भर उन्हात काडीने जमिनीवर चित्र काढून मला समजावला होतास. आपल्याकडे मे महिन्यात पाणी खडकात तळाला जातं आणि श्रावणात जवळजवळ अंगणाला टेकतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पाणी वर आलं की तेही वर येतं, पाणी उतरलं की मातीला वास लावून तेही उतरतं. म्हणून पाइपाच्या खाचा वरच्या वासाच्या मातीपर्यंत आल्याच पाहिजेत. नाहीतर पावसाळ्यात पेट्रोल खाचा नसलेल्या कोऱ्या पाइपाच्या बाहेर तरंगत राहील आणि आपण पाइपातलं तळाचं पाणी काढून "स्वच्छ, स्वच्छ" म्हणत बसू. "असं करणारा माणूस मला भेटला तर मी त्याची डिग्री काढून घेईन," असं तू म्हणाला होतास. मी तेव्हा तुझ्याकडे भक्तिभावाने बघत होते. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मे महिन्यात विचुंब्याच्या बाजूचं ते काम आलं. पेट्रोल पंपाचं नाव मी इथे लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. जुनी टाकी बदलताना खालची माती काळी निघाली होती, म्हणून तपासणी करून घ्या असा वरून आदेश होता. पंपाच्या मागे भिंत, भिंतीच्या मागे आगरी लोकांचा पाडा, आणि पाड्याच्या मधोमध त्यांची जुनी विहीर. मी त्या आठवड्यात तळोज्याच्या कामात अडकले होते. वासाचं मीटर दुरुस्तीला गेलेलं. मी म्हटलं, थांब, मीटर येऊ दे. तू म्हणालास, "मीटर नाही तर काय झालं? मी आहे ना."

तू गेलास, भिंतीलगत बोअर घेतलेस. वरची तांबूस माती, मग मुरूम, मग काळा खडक. बोअरच्या गाडीवरची पोरं सांगतात की प्रत्येक वेळी तू माती नाकाशी धरलीस, डोळे मिटून मोठा श्वास घेतलास आणि म्हणालास, "साफ. लिहा, साफ." म्हणून वर कोरा पाइप बसला आणि खाचा फक्त खाली खडकात, मे महिन्यातलं पाणी होतं तिथे. भर पावसाळ्यात नमुने घेतलेस. लॅबने किंचित काही सापडल्याचं कळवलं, मर्यादेच्या आत. रिपोर्ट तयार होऊन माझ्या टेबलावर सहीला आला. त्यात एक ओळ होती: पाड्यावरची विहीर वापरात नाही.

सही करण्याआधी जागा बघायची, हाही तुझाच नियम. मी एकटी जाऊन आले आणि गौरी-गणपतीच्या सुमारास तुला ओढून तिथे घेऊन गेले. आठवतंय ना? विहिरीशी हौसाबाय उभी होती, साठीची, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली, आणि तिच्या बरोबर तिच्या पाड्यातल्या आणखी तिघी. मला तर गाडीतून उतरल्या उतरल्या वास आला. रॉकेलच्या दुकानात शिरल्यासारखं झालं.

"सायेब, जरा वास घ्या ना," हौसाबाय म्हणाली. "कोनी पेट्रोल वतल्यासारका येतं पान्याला."

तू कठड्यावर वाकलास, श्वास घेतलास, आणि सरळ होऊन म्हणालास, "शेवाळाचा वास आहे आजी. पावसाळ्यात येतो."

"शेवाल आमाला ठावं नाय काय? जलमले तवापासून बगतांव ही बाव."

"पिता का हे पाणी?"

"पियाला नाय. नल हाय आता. पन हलदीला याच बावीचा पानी लागतं. नवरीला या पान्यानं न्हानतांव आमी. आता माज्या नातीची हलद हाय माघान."

तेवढ्यावर तिने सगळा विधीच सांगितला. संध्याकाळी बायका गाणी म्हणत निघतात, कठड्यावर पेटता दिवा ठेवतात, विहिरीला हळद-कुंकू वाहतात, मग कळश्या भरतात. नळाचं पाणी चालत नाही. या विहिरीचं पाणी अंगावर पडल्याशिवाय पाड्यातली मुलगी कधी सासरी गेलेली नाही. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो दिवा येत होता. पेट्रोलच्या वाफेवर पेटती वात, आणि भोवती नटलेल्या बायका-पोरी. तू घड्याळ बघितलंस.

गाडीत आपलं जे भांडण झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. तू म्हणालास, "वर्षाकाठी दोन कळश्या म्हणजे वापर नव्हे, शैले."

"नव्या नवरीच्या अंगावर ओतणार आहेत ते. आणि वर दिवा ठेवणार आहेत."

"लॅबचे आकडे समोर आहेत. बायकांच्या सांगण्यावरून काय नाकाने रिपोर्ट लिहायचा?"

हे तू म्हणालास. तू! मला वाटलं, माझ्या शेजारी दुसराच कुणी बसलाय. ऑफिसात आल्यावर मी फ्रिज उघडला, मे महिन्यातल्या वरच्या मातीची, तू लॅबला न पाठवलेली, घट्ट झाकणाची बरणी काढली आणि उघडून तुझ्या तोंडापुढे धरली. वासाने माझे डोळे चुरचुरले. "घे," म्हटलं, "हा घे वास." तू बरणी हातात घेतलीस, बराच वेळ धरलीस, आणि म्हणालास, "मला तरी काही येत नाही."

त्या सगळ्या दिवसात तेवढं एकच वाक्य तू खरं बोललास आणि नेमकं तेच मला धडधडीत खोटं वाटलं. मी तुला विकाऊ म्हटलं. पंपवाल्याने विकत घेतलं तुला, असं ओरडले, खालच्या फरसाणवाल्यापर्यंत आवाज गेला. तो शब्द मी मागे घेते. तू विकाऊ नव्हतास. तू जे केलंस त्याला अजून मला शब्द सापडलेला नाही.

मी सही केली नाही. तू एकट्याने केलीस आणि रिपोर्ट पाठवलास. त्यानंतर आपण एकाच खोलीत दोन टेबलांवर पाहुण्यांसारखे बसायचो. चहा मात्र तू दोन सांगायचास. मी तो गार होऊ द्यायचे आणि तुझ्या देखत बेसिनमध्ये ओतायचे. मला वाटत होतं, दिवाळीनंतर बोलू. तुझा राग उतरेल, माझा उतरेल, मीटर घेऊन परत जाऊ, भिंतीपलीकडे एक नवा बोअर घेऊ. वेळ आहे, असं वाटत होतं. दिवाळी झाली आणि तू गेलास. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी सवय मला नवी नव्हती, पण इतक्या लांब जाशील असं नव्हतं वाटलं.

तुझे दिवस झाल्यावर मी तुझ्या घरी, वृंदाकडे गेले. बाहेरच्या खोलीत तुझा फोटो, समोर उदबत्ती. बोलता बोलता ती एकदम उठून स्वयंपाकघरात पळाली. दूध लागलं होतं. पातेलं घासायला टाकून परत आली आणि पदराला हात पुसत अगदी सहज म्हणाली, "वास आला म्हणून बरं. हा घरात असता तर पातेल्याचा कोळसा झाला असता. त्याला कुठे काही यायचं?"

"काय यायचं?"

"अगं, वास. करोनात गेला तो परत आलाच नाही ना." माझा चेहरा बघून ती थांबली. "तुला माहीत नव्हतं? दिवसभर तर तुम्ही बरोबर असायचात."

मग तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते हळूहळू येईल. तू लवंग, कापूर, लिंबू डब्यांत भरून ठेवलेस आणि रोज सकाळी हुंगत बसायचास. एका वर्षी हापूसची पेटी फोडलीस, पहिली फोड तोंडात टाकलीस आणि रडायला लागलास. "नुसतं गोड लागतंय, वृंदा," म्हणालास. हे ऐकताना मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. तुझ्या त्या आंब्यासाठी रडले मी. आणि मग जिना उतरता उतरता डोकं ठिकाणावर आलं.

करोनानंतर म्हणजे किती कामं झाली मिलिंद? मी एकेक आठवत गेले. प्रत्येक कामावर तू माती नाकाशी धरली होतीस. प्रत्येक वेळी डोळे मिटले होतेस, तो मोठा श्वास घेतला होतास. आता कळतंय की तुझा नियम तू उलटा केला होतास, आधी तू तिरक्या नजरेने माझ्या हातातलं मीटर बघून घ्यायचास आणि मग नाक लावायचास. पोरं कौतुकाने बघायची. मी कौतुकाने बघायचे! मीटर होतं तोवर तुझं नाटक निभावलं. त्या मे महिन्यात मीटर नव्हतं, मी नव्हते, आणि तरी तू ते नाटक केलंस, कारण गाडीवरच्या चार माणसांसमोर तुला "मला वास येत नाही रे, तुम्ही बघा" एवढं म्हणवलं नाही.

मला सांगायचं होतंस. मी हसले असते का? हो, हसले असते. दोन दिवस तुझी टिंगल केली असती, माझ्या भोकंतज्ज्ञपणाचं सगळं उट्टं काढलं असतं, आणि मग तुझ्याऐवजी मी हुंगलं असतं. मला नाक आहे. गाडीवरच्या पोरांना आहे. वास ही काय तुझी एकट्याची इस्टेट होती? इतक्या वर्षांत तुझ्या लक्षात आलं नाही की मी तुझ्याबरोबर काम करते ते तू कधी चुकत नाहीस म्हणून नव्हे?

पंपावर गेले तर मॅनेजर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मॅडम, रिपोर्ट क्लीन आहे. आणि तुमच्याच ऑफिसचा आहे ना? सरांची सही आहे. सर तर आता..." असं म्हणून त्याने वर बोट दाखवलं. तुझी सही त्याने काच लावून भिंतीवर टांगायची तेवढी बाकी ठेवली होती. पाड्यावर हौसाबायकडे मांडवाचं बोलणं सुरू झालं होतं. मी तिला म्हटलं, तुमच्या अंगणात एक बोअर घेऊ द्या.

"घ्या," ती म्हणाली. "पन तो सायेब नको बाय. तो बोल्लेलं आयकत नाय."

"ते गेले, मावशी."

"वाइट झाला," म्हणाली. मग पुढे, "पन आयकत नवता."

मला ती बाई त्या क्षणी फार आवडली. पनवेलभर तुझ्या आरत्या चालल्या होत्या, आणि तिने दोन वाक्यांत तुझा हिशेब केला, त्यातलं पहिलंही खरं होतं.

बोअर घेतला. माणूसभर खोल गेलो नाही तोच माती वासाने भरून वर आली. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मी नाक लावलं, मग मीटर लावलं, मग पोरांना म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी वास घ्या आणि एकेकाने सांगा. यापुढे आपल्याकडे असंच होईल. खाचा अगदी वरपर्यंत ठेवल्या. पाणी बसू दिलं आणि पारदर्शक नळी सोडून वर काढली. खाली पाणी, वर पिवळसर पेट्रोलचा थर, बोटभर जाड, नवशिक्यालाही दिसावा असा. हौसाबायने नळीकडे बघितलं आणि पदर नाकाला लावला. तिची नात ओटीवर मेंदीच्या डिझाइनचे फोटो बघत बसली होती. "म्हंजे बाव गेली काय?" हौसाबायने विचारलं.

मी म्हटलं, आत्ता तरी गेली. साफ होईल, पण वर्षं लागतील. दिवा तर आजपासून कठड्याच्या आसपास आणायचा नाही.

तिने नातीला ओटीवरून आत पाठवलं. तुला मी शिव्या देऊ शकते मिलिंद, तिला कुणाला द्यायच्या तेसुद्धा माहीत नव्हतं. मे महिन्यात हे कळलं असतं तर पावसाआधी उपसा सुरू झाला असता. वरच्या मातीतलं ते पेट्रोल सगळा पावसाळा पाण्यावर बसून भिंतीखालून तिच्या विहिरीत चालत आलं, आणि तुझा पाइप शेजारी उभा राहून साफ आहे म्हणत होता.

मी दुरुस्तीचा रिपोर्ट लिहायला घेतला आणि पाठवण्याआधी वृंदाला दाखवायला नेला. तिच्यापासून काही लपवायचं नव्हतं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. आधीच्या निरीक्षण-विहिरींच्या खाचांची पातळी चुकली होती, ते काम कुणी केलं, कुणाच्या देखरेखीखाली केलं, सगळं होतं त्यात.

"नाव घालायलाच हवं का?" तिने विचारलं.

"हो. नाहीतर दोन रिपोर्ट समोरासमोर राहतील आणि पंपवाला त्याला हवा तो दाखवेल."

"मग निदान हे तरी लिही की त्याला आजारामुळे वास येत नव्हता. लोक समजून घेतील."

मी नाही म्हटलं. तिला वाटलं, मी सूड घेते आहे. कदाचित थोडा घेतही असेन. पण तसं लिहिणं खोटं झालं असतं. तुझं नाक गेलं होतं म्हणून ही चूक झाली नाही. चार बायका तुझ्यासमोर उभ्या राहून तुला सांगत होत्या, मी बरणी तुझ्या तोंडापुढे धरली होती. तुला वास येत नव्हता हा आजार. आम्हाला येतो यावर तू विश्वास ठेवला नाहीस, तो आजार नव्हे.

"मेलेल्या माणसाशी भांडतेस तू," वृंदा म्हणाली. तिने मला चहा विचारला नाही आणि दार माझ्या पाठीवर जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "मला ती विहीर दाखव," एवढंच म्हणाली. मी तिला सुकापूरच्या वळणावरून गाडीत घेतलं. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. पाड्यात शिरलो, गाडी चिंचेखाली लावली. हौसाबाय ओटीवरून उतरून आली. "या त्या साहेबांच्या मिसेस," मी म्हटलं. हौसाबायने तिच्याकडे नीट बघितलं आणि नुसतंच म्हणाली, "ये बाय."

मी वृंदाला विहिरीकडे घेऊन निघाले. कठडा अजून बराच लांब होता. मध्येच ती थांबली. तिचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"हा?" तिने मला विचारलं. "हाच?"

"हाच."

"आणि त्या दिवशी, तो इथे आला तेव्हा?"

"जास्त येत व्हता," हौसाबायच मध्ये म्हणाली. "पावसान तं जेवताना घरान यायचा. आमी चौगी उब्या व्हतो इतं. त्यांना बोल्लो ना आमी."

वृंदा कठड्यापर्यंत गेलीच नाही. जिथे थांबली होती तिथेच उभी राहिली, ओढणी तोंडावर धरून, आणि तिचे डोळे वाहत होते, त्यातले किती वासाने आणि किती तुझ्यामुळे ते मी विचारलं नाही. मग तिने हौसाबायला विचारलं, नातीची हळद कशी करणार? हौसाबाय म्हणाली की माझ्या माहेरच्या बावीचं पाणी आणू, दुसरं काय करणार. पण तसं पाड्यात कधी झालेलं नाही, म्हणाली, आणि म्हाताऱ्या सासूला अजून सांगितलेलं नाही. वृंदाने तिच्यापुढे हात जोडले. हौसाबायने ते हात धरून खाली केले.

गाडीत बसल्यावर वृंदाने आधी खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "लिही. त्याचं नाव घालून लिही. आणि आजाराचं काही लिहू नकोस."

रिपोर्ट आज सकाळी गेला. पहिलीच ओळ आहे, पाड्यावरची विहीर वापरात आहे. खाली माझी सही आहे, आणि चूक कुणाची ते स्वच्छ लिहिलेलं आहे. पाठवून झाल्यावर मी तुझ्या टेबलाकडे तोंड करून बसले. मनात तुझी सगळी उत्तरं तयार होती, तू काय म्हणशील, मी त्यावर काय म्हणेन, तू कुठे आवाज चढवशील. समोर रिकामी खुर्ची. मला तुझा अजूनही राग येतोय, मिलिंद, आणि तो कुणावर काढू ते कळत नाही.

तुला काही म्हणायचं असेल तर म्हण ना. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.